लेकरू रडलं की कोण धावतं?

चांदूर रेल्वे तालुक्यात दिवाळीच्या मागेपुढे सोयाबीन घरात येतं आणि कापसाची वेचणी सुरू होते. वेचणीची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी काट्यावर जेवढा कापूस भरेल तेवढे पैसे. सातेफळचं वावर असो की पळसखेडचं, धुऱ्यावरच्या कडुलिंबाला कुठे ना कुठे झोळी बांधलेली दिसते. झोळीत दहा महिन्यांचं लेकरू आणि झोका द्यायला त्याचीच सात-आठ वर्षांची बहीण. लेकरू रडायला लागलं की आईपुढे रोजचा पेच उभा राहतो. हातातलं तास, म्हणजे वेचत असलेली ओळ, सोडून जायचं, की तास पुरं करून जायचं? गेलं तर तोल कमी भरणार. नाही गेलं तर बहीण आहेच. रडून रडून निजेलही.

माणूस पुढे कसा वागतो याचा अभ्यास करणाऱ्यांनी गेली ऐंशी वर्षं हाच क्षण उलटसुलट तपासला आहे. ‘लहानपणी जे झालं ते जन्मभर’ असं एक मत आपल्याकडे असतं आणि ‘लेकरं काय, आपोआप मोठी होतात’ असं दुसरं. कधीकधी दोन्ही एकाच ओसरीवर ऐकू येतात. प्रत्यक्षात घडतं ते या दोन्हींपेक्षा गुंतागुंतीचं आहे, आणि बरंचसं आशादायकही. ते पायरीपायरीनं पाहू.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून. तान्ह्या बाळाला स्वतःला शांत करता येत नाही. भूक लागली, दुपटं ओलं झालं, कुत्रं भुंकलं, की त्याच्या काळजाचे ठोके वाढतात, रक्तात कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं संप्रेरक चढतं, आणि चढलेलं उतरवायची ताकद त्याच्या मेंदूत अजून आलेली नसते. ती काही काळ दुसऱ्याकडून उसनी घ्यावी लागते. कोणीतरी उचलतं, छातीशी धरतं, ओळखीच्या आवाजात काहीबाही बोलतं आणि ठोके खाली येतात. पहिल्या वर्षात हे हजारो वेळा होतं. त्यातून बाळाला दोन प्रश्नांची उत्तरं मिळत जातात. मी हाक दिली तर कोणी येतं का? आणि कोणी धावून यावं असा मी आहे का? ही उत्तरं शब्दांत नसतात, कारण शब्द यायला अजून वेळ असतो. म्हणून मोठेपणी ती आठवत नाहीत, पण वागण्यात उतरलेली असतात.

पहिले काही महिने कोणीही उचललेलं चालतं. सहा-सात महिने उलटले की बाळाची माणसं ठरतात. परक्यानं घेतलं की ते भोकाड पसरतं. पाहुण्यांना वाईट वाटतं, पण घरातली म्हातारी खुशीत म्हणते, “आता ओयखू लागलं बाप्पा लेकरू.” म्हातारीचं निदान अचूक आहे. ज्याला लळा लागलेला नाही तेच मूल कोणाकडेही सारख्याच सहजतेनं जातं.

आता प्रश्न असा की प्रत्येक हाकेला धावावंच लागतं का? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग सांगितल्याप्रमाणे दोन मिनिटं चेहरा एकदम निर्विकार ठेवते. बाळ हसतं, हात पुढे करतं, ओरडतं, सगळे उपाय करून पाहतं. काहीच चाललं नाही की तोंड फिरवून मलूल होतं. हा भाग बराच प्रसिद्ध झाला. त्याहून महत्त्वाचं निरीक्षण मात्र मागे पडलं. नेहमीच्या, सुखरूप घरातसुद्धा आई आणि बाळाचे सूर एकूण वेळेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात जुळलेले असतात. उरलेल्या वेळात चुकामूक आणि तिची दुरुस्तीच चालू असते. बाळ शिकतं ते या दुरुस्तीतून. बिनसलं तरी पुन्हा जुळतं, हे त्याच्या अंगवळणी पडतं. लंडनचे बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी आदर्श आईऐवजी ‘पुरेशी चांगली’ आई पुरते असं म्हटलं होतं ते याच अर्थानं. वेचणीतल्या बाईनं एखादं तास पुरं करून मग लेकराला घेतलं तर त्याचं काही बिघडत नाही. रोज, दिवसभर, कोणीच आलं नाही तर बिघडतं.

या विचाराचा पाया घातला ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी. १९४४ मध्ये त्यांनी चोरी करणाऱ्या ४४ मुलांवर एक निबंध लिहिला. त्यातल्या १४ मुलांना कोणाबद्दल मायाच वाटत नाही असं त्यांचं निदान होतं, आणि त्या १४ पैकी १२ जण लहानपणी आईपासून दीर्घकाळ तुटलेले निघाले. आजच्या कसोटीवर हा अभ्यास कच्चा आहे, कारण मुलांना तपासणारे आणि निष्कर्ष काढणारे बोल्बी एकटेच होते. पण प्रश्न खरा होता. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी अहवाल लिहिला. दुसऱ्याच वर्षी त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आठ दिवस एकटी राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला. त्या काळी तिकडच्या रुग्णालयांत आईबापांनाही ठरावीक वेळीच, काही ठिकाणी तर आठवड्यातून एकदाच, मुलाला भेटू देत. पोर पहिल्यांदा आक्रोश करतं, मग खचतं, मग शांत होतं. परिचारिकांना वाटायचं, रुळलं. रॉबर्टसन यांनी दाखवून दिलं की ते रुळलेलं नाही, त्यानं आशा सोडलेली आहे. आपल्याकडे दवाखान्यात आजी खाटेखाली चटई टाकून ठाण मांडते आणि डॉक्टर तिच्यावर वैतागतात. पसाऱ्यापुरता डॉक्टरांचा वैताग रास्तच आहे. बाकी सगळं आजीच्या बाजूनं आहे.

बोल्बींचा विचार कागदावरून माणसांत नेला मेरी एन्सवर्थ यांनी, आणि त्यांचं पहिलं मोठं काम लंडनमध्ये नाही, आफ्रिकेतल्या युगांडात झालं. १९५४-५५ मध्ये कंपालाजवळच्या खेड्यांतल्या २६ कुटुंबांत जाऊन त्या बसल्या. शेतावर जाणाऱ्या आया, अंगणात रांगणारी मुलं, हाताशी आज्या-मावश्या. आपल्याला हे चित्र अनोळखी नाही. तिथे त्यांना दिसलं की मूल आईला चिकटून राहतं ते केवळ दुधासाठी नाही. आई जवळ असली की ते उलट तिच्यापासून लांब जातं, कारण परतायची जागा पक्की असते.

हे चांदूरच्या स्टेशनावरही दिसतं. बडनेऱ्याकडे जाणारी पॅसेंजर उशिरा आहे, बाकावर आई बसली आहे. वर्ष-सव्वा वर्षाचं पोर तिच्या मांडीवरून उतरतं, शेजारच्याच्या पिशवीपर्यंत जातं, वळून आईकडे बघतं, आणखी दोन पावलं टाकतं. तेवढ्यात मालगाडी धडधडत जाते. पोर धावत येऊन पदरात तोंड खुपसतं आणि मिनिटभरानं पुन्हा निघतं. जाणं आणि येणं हे एकाच दोरीचं काम आहे. ज्या मुलाला परत येता येतं तेच लांब जातं. पुढे नागपूरला शिकायला जाणाऱ्या पोरीच्या पाठीशीही हीच दोरी असते, फक्त लांबी वाढलेली असते.

युगांडानंतर एन्सवर्थ यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये आणखी २६ कुटुंबांकडे वर्षभर, दर तीन आठवड्यांनी चार-चार तास जाऊन नोंदी केल्या आणि एक ठरावीक चाचणी तयार केली. साधारण वीस मिनिटांची. अनोळखी खोली, आई, मग एक परकी बाई, मग आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते. खरी नजर ठेवायची ती आई परतल्यावर मूल काय करतं यावर. संध्याकाळी वावरातून आलेल्या मायजवळ लेकरं जशी वागतात तसंच हे. एक लेकरू रडत येतं, कडेवर चढतं, चटकन शांत होतं आणि खेळायला जातं. हे सुरक्षित अनुबंधाचं, म्हणजे भरवशाच्या लळ्याचं. दुसरं बघितलं न बघितल्यासारखं करून खेळत राहतं. लोक म्हणतात, “किती शहाणं हाय!” पण ठोके मोजले तर तेही घाबरलेलंच असतं. दाखवून उपयोग नाही एवढं ते शिकलेलं असतं. तिसरं कडेवरही येतं आणि आईला मारतही राहतं, त्याची समजूतच पटत नाही. येणारं माणूस कधी येतं, कधी येत नाही, अशा घरात हे जास्त दिसतं. चौथा प्रकार पुढे मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी नोंदवला. हे मूल जवळ यायला निघतं आणि मधेच थिजतं. ज्याच्याकडे धावायचं त्याचीच भीती वाटत असली, घरात मारहाण असली, की असं होतं. याची काळजी सगळ्यात जास्त करावी.

हे प्रकार म्हणजे रोगांची नावं नाहीत. हे वाचून शेजारणीच्या पोराला खिडकीतून बघत नंबर देण्याचा उद्योग कोणी करू नये. मूल आपापल्या घरात टिकून राहण्यासाठी जे करतं ते हे आहे, आणि एकाच मुलाचं आईशी एक आणि आजीशी दुसरं नातं असू शकतं. १९८८ मध्ये डच संशोधकांनी आठ देशांतल्या अशा जवळजवळ दोन हजार चाचण्या एकत्र करून पाहिल्या. देशादेशांत फरक होता, पण एकाच देशाच्या आतला फरक त्याच्या दीडपट निघाला. म्हणजे ‘आपल्या संस्कृतीत असं होतच नाही’ हा अभिमान फारसा टिकत नाही.

आपल्याकडे बोल्बी वाचताना एक गोष्ट मात्र खटकते, आणि ती खटकायलाच हवी. त्यांच्या लिखाणात सारा भार एकट्या आईवर येतो. वऱ्हाडातलं लेकरू आई, आजी, आत्या, मोठी माय अशा चार कडांवरून फिरत मोठं होतं. त्याला न्हाऊ घालणारी वेगळी, घास भरवणारी वेगळी आणि निजवणारी तिसरीच. सुधीर कक्कर यांनी १९७८ च्या ‘द इनर वर्ल्ड’मध्ये भारतीय बालपणाचं असंच वर्णन केलं. सुरुवातीची चार-पाच वर्षं भरपूर लाड आणि अंगाशी अंग, मग मुलग्याला एकाएकी बाप्यांच्या कडक जगात ढकललं जाणं. हा दुसरा टप्पा आपण फारसा बोलत नाही. कालपर्यंत मांडीवर असलेल्या पोट्ट्याला आज “बाईसारखा काऊन रडतं बे?” असं ऐकावं लागतं. रडणं तिथे थांबत नाही, आत जातं.

चार कडा असणं चांगलं की वाईट? याचं उत्तर इस्रायलमधल्या किबुत्झ वसाहतींत मिळालं. तिथली मुलं दिवसा सामूहिक पाळणाघरात असत. काही वसाहतींत रात्री घरी निजत, काहींत रात्रीही सामूहिक दालनातच आणि देखरेखीला पाळीपाळीनं बदलणारी माणसं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरी निजणाऱ्यांपैकी ८० टक्के मुलांचा आईशी सुरक्षित अनुबंध होता, दालनात निजणाऱ्यांपैकी ४८ टक्के मुलांचा. दिवस दोघांचेही सारखेच होते. रात्री दचकून उठल्यावर ओळखीचं माणूस येतं की नाही, एवढाच फरक. माणसं अनेक असोत, पण ती तीच असोत आणि अंधारात सापडोत. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. वाड्यात वीस माणसं असून रडणाऱ्या पोराकडे कोणीच जात नाही, अशीही घरं होती.

आणि आता तर त्या चार कडाही उरलेल्या नाहीत. घरं लहान झाली. पन्नाशीतली आजी स्वतःच वेचणीला जाते. उरते ती सात-आठ वर्षांची बहीण. तिची माया खरी असते, पण तिला स्वतःलाच अजून कोणीतरी शांत करावं लागतं, आणि ती त्या दिवशी शाळेत नसते. एका झोळीमागे आपण दोन लेकरांचं बालपण खर्च करतो. यात आईला दोष देण्यासारखं काही नाही. किलोवर मजुरी ठरवली की बाळाच्या हाकेलाही किंमत लागते, आणि ती भरायला लागते आईला.

कोणीच नसेल तर काय होतं, याचा सगळ्यात काटेकोर पुरावा रुमानियातला आहे. १९६६ मध्ये तिथे चाउशेस्कू सरकारनं गर्भपातावर बंदी आणली आणि नको असलेल्या मुलांनी सरकारी अनाथालयं भरून गेली. एका बाईकडे वीस-वीस मुलं. खायला मिळायचं, उचलून घ्यायला कोणी नव्हतं. २००० साली अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं पालक कुटुंबांत दिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, भाषा, लळा लावण्याची क्षमता, सगळं सुधारलं, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं सर्वांत जास्त. उशिरा गेलेलीही सुधारली, पण कमी. ‘खाऊपिऊ घातलं की झालं’ या मताला यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही.

पण बुखारेस्टच्या आकड्यांपाशी थांबलं तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. आपल्याच अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर आहे. तिथे शंकरबाबा पापळकर यांनी रेल्वे स्थानकांवर, कचराकुंड्यांपाशी टाकून दिलेली अंध, मूकबधिर, मतिमंद अशी शंभरावर मुलं सांभाळली. आधार कार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत बापाच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव दिलं. कायद्यानं अठरा वर्षं पुरी झाली की मुलाला बालगृह सोडावं लागतं. अशी दिव्यांग मुलं जाणार कुठे, हा प्रश्न शंकरबाबांनी वर्षानुवर्षं लावून धरला आणि आपल्या लेकरांना बाहेर काढलं नाही. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रेल्वे स्थानकावर सोडून दिलेली त्यांची एक पूर्ण अंध मुलगी त्याच वर्षी एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली. बुखारेस्टमधल्या मुलांनाही खोली, खाट, जेवण होतं. वझ्झरच्या मुलांना न बदलणारा माणूस होता आणि तो अठराव्या वाढदिवसानंतरही तिथेच होता. या एका मुलीच्या यशाचं सारं श्रेय लळ्याला द्यायला मी तयार नाही. तिची जिद्द तिची आहे. पण जिद्द धरायला पायाखाली काहीतरी लागतं.

चार-पाच वर्षांचं झालं की मूल अंगणाबाहेर पडतं आणि मग घडवायचं काम एकटं घर करत नाही. सवंगडी, शाळा, जात, बाजार, आता मोबाइल, सगळेच त्यात हात घालतात. यातलं नक्कल करणं सगळ्यांनाच माहीत आहे. बाप तंबाखू मळताना पोरगं तळहातावर माती मळतं. त्यासाठी प्रयोगाची गरज नव्हती, तरी अल्बर्ट बांडुरांनी १९६१ मध्ये तो केलाच. मोठं माणूस बाहुल्याला बडवताना पाहिलेली मुलं नंतर तशीच बडवू लागली. त्यावर जास्त थांबत नाही. नक्कलेपेक्षा जास्त खोल जाते ती लोकांची नजर.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अभ्यासकांनी उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले. जात कोणी विचारली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांची कामगिरी सारखीच होती. मग दुसऱ्या गटांत मुलांची नावं आणि जाती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचल्या. दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. कोडी तीच, मुलंही तशीच. फक्त समोरचे आपल्याला काय समजतात याची आठवण करून दिली होती. मूल पहिल्या वर्षी आईच्या चेहऱ्यात स्वतःला बघतं, पुढे गावाच्या चेहऱ्यात. गावाचा चेहरा निर्विकार असला की तेही तोंड फिरवतं.

चांदूरला लागून असलेल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात, मंगरूळ चव्हाळ्याला, ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा आहे. मतीन भोसले यांनी जिल्हा परिषदेची शिक्षकाची नोकरी सोडून ती फासेपारधी मुलांसाठी काढली. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. पारध्यांवर तो शिक्का बसला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावाची नजर अजून गेलेली नाही. चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जातात. बेड्यावरचं पोर हे बघत मोठं होतं आणि आपल्याकडून काय अपेक्षा आहे ते त्याला सांगावं लागत नाही. ‘प्रश्नचिन्ह’मधली बरीच मुलं आधी रेल्वे स्थानकांवर भीक मागत फिरत होती. शिकवणारा त्यांच्यातलाच, त्यांची बोली बोलणारा. पुढे समृद्धी महामार्गात शाळेची काही बांधकामं गेली तरी शाळा चालू राहिली. भिंतींपेक्षा माणूस टिकणं महत्त्वाचं, हे पुन्हा इथेही.

आता मोठ्या माणसांच्या वागण्याकडे येऊ. चारचौघांचा दाब किती असतो? १९५१ मध्ये सॉलोमन अ‍ॅश यांनी लोकांना कागदावरच्या रेषांची लांबी ओळखायला सांगितली. बाकीचे सगळे आधीच पढवलेले, मुद्दाम चूक उत्तर देणारे. उत्तर डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत असूनही सुमारे एक तृतीयांश वेळा माणसानं गर्दीची री ओढली. गंमत पुढे आहे. गर्दीतल्या फक्त एकानं खरं उत्तर दिलं की हा दाब एकदम ओसरला. सोबतीला एक माणूस पुरला.

गाडगेबाबांच्या चरित्रात या दोन्ही गोष्टी, घरातलीही आणि गर्दीतलीही, एकत्र दिसतात. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावला परिटाच्या घरी डेबूजींचा, म्हणजे पुढच्या गाडगेबाबांचा, जन्म झाला. वडील झिंगराजी दारूपायी गेले. डेबू तेव्हा लहान होता. आई सखूबाई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. बाप गेला, पण आई होती, आजोळ होतं, गुरं होती, शेत होतं. दारूनं बाप नेलेली मुलं तेव्हाही पुष्कळ होती आणि त्यातली अनेक स्वतः दारूत गेली. एका आयुष्यावरून सिद्धांत मांडता येत नाही. पण लहानपणच्या घावानंतर मूल सावरतं की नाही हे घावापेक्षा त्यानंतर सोबत कोण उरलं यावर जास्त ठरतं, असं संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे, आणि डेबूच्या सोबत माणसं उरली होती.

मग त्यांच्या मुलीचं बारसं आलं. जातीची रीत म्हणजे मटण आणि दारू. डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं. ज्ञातीतले लोक रुसले. अ‍ॅशच्या प्रयोगातला वेगळं उत्तर देणारा माणूस तो हाच. १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडल्यावर हातात खराटा घेऊन त्यांनी जे केलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यातली एक पद्धत इथे महत्त्वाची आहे. कीर्तनात ते उपदेश कमी करत आणि प्रश्न जास्त विचारत. देवाला बकरं लागतं का, कर्ज काढून सण करावा का, असं विचारायचं आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचं. शेकडो लोक एका आवाजात उत्तर देत आणि प्रत्येकाला ते शेजाऱ्याच्या तोंडूनही ऐकू येई. १९४० च्या दशकात अमेरिकेत कुर्ट लेविन यांनी गृहिणींच्या दोन प्रकारच्या गटांवर प्रयोग केला. एकांना प्राण्यांचं काळीज, मूत्रपिंड असं मांस खाण्याचे फायदे व्याख्यानातून सांगितले, दुसऱ्यांना आपसांत चर्चा करून सगळ्यांसमोर हात वर करायला लावला. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी ते घरी शिजवलं, हात वर केलेल्यांपैकी ३२ टक्के. गाडगेबाबा लेविनच्या आधीपासून वऱ्हाडच्या गावांत हेच करत होते, आणि तेही मांस सोडवण्यासाठी.

राहता राहिला प्रश्न मोठ्यांचा. ज्यांचं पहिलं वर्ष बरं गेलं नाही त्यांचं काय? लहानपणचा अनुबंध आणि मोठेपणचं वागणं यांचा संबंध आहे, पण तो बेताचाच आहे, हे मुलांना जन्मापासून मोठेपणापर्यंत पाहत राहिलेल्या दीर्घ अभ्यासांनी दाखवलं आहे. मेरी मेन यांनी १९८० च्या दशकात मोठ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा त्यांना असे लोक भेटले की ज्यांचं बालपण खडतर होतं, पण ते न लपवता, न चिडता, सलगपणे सांगू शकत होते. अशांची स्वतःची मुलं बहुधा सुरक्षित निघत. ज्यांना हे जमलं त्यांना मधे कुठेतरी कोणी भेटलं होतं. शिक्षक, मावशी, नवरा, बायको, मित्र. पंचविशीतही उशीर झालेला नसतो. पण पहिल्या वर्षी जे फुकट आणि सहज मिळतं ते नंतर कष्टानं मिळवावं लागतं.

म्हणून पुन्हा वेचणीच्या दिवसांचा विचार करायला हवा. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं काही तास बसतात. तीन वर्षांखालच्यांच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी फक्त घरी न्यायचा आहार येतो, म्हणजे ज्या वयात माणूस लागतो त्या वयात पाकीट मिळतं. नोकरदार बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, वेचणारणीला एक दिवसही नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक शहाणपणाची तरतूद होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर मजूर बायांपैकीच एकीला त्यांना सांभाळायला नेमायचं आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची. खासगी वावराला असा नियम लागू नाही, पण तो लावायला कोणी अडवलेलंही नाही. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं. बाप किंवा आई गमावलेल्या मुलाला संस्थेत न टाकता नातेवाइकांकडेच ठेवण्यासाठी राज्याच्या बालसंगोपन योजनेतून मदत मिळते, आणि तिचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करता येतो.

वाचणारे शेतकरी असाल तर वेचणीला आठ-दहा बाया बोलावताना त्यातल्या एकीला रोजावर झोळ्यांपाशी बसवा. ती दरवर्षी तीच असू द्या, म्हणजे लेकरं तिला ओळखतील. ग्रामपंचायतीत बसणारे असाल तर सोयाबीन निघायच्या आधीच्या ग्रामसभेत गावच्या अंगणवाडीसाठी पाळणाघराचा ठराव घ्या. आणि झोका देणाऱ्या त्या पोरीचं नाव शाळेच्या हजेरीपटावर तपासा.